वाटाड्याविना बांधावर

मी सीमेवरचा बांध बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण माझ्या माथ्यावर डुडा पहारेकरी भाला घेऊन बसलाय आणि त्याचे कान तिखट आहेत.

माझा जन्मच भीतीतून झाला. पश्चिमेचे पोविसवाले येऊन गुरं पळवतात, म्हणून इकडच्या मर्सियाच्या राजानं गावोगावची माणसं कामाला जुंपली. त्यांनी पश्चिमेच्या अंगाला खोल चर खणला आणि निघालेली माती अलीकडे रचली, तोच मी. खणणारे एक डोळा सारखा पलीकडे ठेवून असायचे. त्यांची धास्ती मातीबरोबर माझ्यातही आली असावी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तर दोन राज्यं आहेत.

माणसांचं मला नवल वाटतं. माझ्यामुळे चोऱ्या किती थांबल्या देव जाणे, पण सोयरिकी काही थांबल्या नाहीत. पोविसच्या हुनिदबाईनं आपली लेक एल्लिव इकडेच दिली.

परवा ती लेक बाळंतपणात अडली. हुनिद चरापाशी येऊन हाका मारत उभी राहिली. रीतच तशी आहे. पलीकडच्या माणसाला इकडच्या वाटाड्यानं आत न्यायचं आणि त्यानंच परत आणून सोडायचं. वाटाड्याशिवाय जो माझ्यावर दिसेल तो चोर, आणि चोराला भाला. म्हातारा वुल्फरिक वाटाडा आला. नातवंडं तुमची आणि पायपीट माझी, असं कुरकुरत तिला घेऊन गेला. नातू झाला, लेक वाचली. हुनिद घरी निघणार, तोच वुल्फरिक तापानं गेला.

नवा वाटाडा तयार होईना. "हिला मी आणलेलं नाही. उद्या कुणाची गाय हरवली तर माझ्या मानेवर येईल," म्हणाला. जावयानं त्याचे पाय धरले, तरी तो बधला नाही. बिनवाटाड्याची परकी बाई राजाची दासी होते. उद्या सकाळी राजाची माणसं तिला न्यायला येणार आहेत.

आता उन्हं कलली आहेत. चरापलीकडे तिचा नवरा मेइलिर येऊन थांबलाय. हुनिद शाल कमरेला खोचून, गवताला धरत माझा चढ चढतेय. मला भयंकर भीती वाटतेय. माझी माती ओली आहे आणि तिचा पाय सारखा घसरतोय.

डुडा उठला. "मागे फिर, मावशी. मला भाला फेकावा लागेल."

"तुझं काम तू कर, बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "मी माझ्या घरी चाललेय."

त्यानं भाला उचललाय, ते मला त्याच्या टाचांच्या दाबातून कळतंय. डुडा, ऐक माझं. मला हलता आलं असतं तर मीच सपाट झालो असतो. तिकडे पूर्वेला कावळे उठलेत, ते बघ. ती माथ्यावर पोचलीय, आता चरात उतरेल. तेवढा वेळ कावळ्यांकडे बघ रे.