काचेला पुरलेली हवा

मी एक कॉम्प्रेसर आहे. खाली आडवी लोखंडी टाकी, तिच्यावर दोन सिलिंडरचा पंप, शेजारी मोटर, दोघांना जोडणारा पट्टा आणि बुडाशी चाकं. बाहेरची हवा आत ओढायची, दाबून टाकीत भरायची आणि कुणी मागितली की सोडायची, एवढंच माझं काम. हवा मी कधीच स्वतःजवळ ठेवत नाही. मोरिवलीतल्या एका घराची आठवण मात्र आतून जात नाही, म्हणून बोलतोय.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. ट्रकमधून उतरलो तो अंबरनाथच्या एमआयडीसीत, अवधूतदादांच्या शेडमध्ये. दादा लोखंडी कपाटांना रंग मारायचे. त्यांच्या हातातल्या गनला हवा द्यायचो मी. हवेत ओल असते, दाबली की तिचं पाणी होतं आणि ते माझ्या पोटात साचतं. दादा रोज काम आटपलं की टाकीखालचा नळ उघडून ते काढून टाकायचे. म्हणून आतून गंजलो नाही.

पुढे लोक भट्टीत रंग भाजलेली तयार कपाटं घ्यायला लागले. शेड बंद झाली. टेम्पोत चढवताना दादांनी माझ्या टाकीवर दोन थापा मारल्या आणि तोंड फिरवून फोनवर बोलायला लागले. फोन वाजला नव्हता, मला माहीत होतं.

मग उल्हासनगर. वासूशेठचं जुन्या मशिनींचं दुकान. शेठ सिंधी, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘साईं’. तिथे मी बरेच दिवस मागच्या भिंतीला टेकून होतो. येणारी माणसं कशी निवडतात ते बघत बसायचो. कुणी रंग बघायचं, कुणी चाकं फिरवून बघायचं. बहुतेकांना आवाज न करणारा, लहानसा, कोपऱ्यात मावणारा हवा असायचा. माझी मोटर एकदा सुरू करून दाखवली की लोक कानावर हात ठेवून पुढे जायचे. रिकाम्या टाकीचं दुःख कुणाला सांगणार? काम नसलं की आम्ही नुसतं लोखंड.

एके दिवशी दुपारी जिज्ञासा आली. तिशीतली बाई, खांद्याला कापडी पिशवी, दोन्ही हातांच्या बोटांना जुन्या कापांच्या खुणा. काचेवर नक्षी कोरायचं काम करायची ती. बाथरूमची दारं, नावाच्या पाट्या.

“शेठ, ब्लास्टिंगच्या कॅबिनेटला लावायला पाहिजे. घरीच.”

“घर के लिए? मग हा घ्या ना. एकदम सायलेंट. शेजाऱ्यांना समजणार पण नाही.”

“असाच एक आहे माझ्याकडे. गन दाबली की थोडा वेळ बरा चालतो, मग त्याला धाप लागते. प्रेशर उतरतं, मी थांबते, तो भरतो, परत सुरू. काचेवरचं काम असं तुटक तुटक नाय होत.”

“तो फिर टंकी बडी ले लो, साईं.”

“टाकी मोठी घेऊन काय करू? हंडा केवढा पण असू दे, नळाला धार नको? हंडा जरा उशिरा रिकामा होईल, तेवढंच. मला सारखी हवा लागते. काम करतानाच्या प्रेशरला मिनिटाला किती हवा देतो ते सांगा.”

शेठ डोकं खाजवून हसले. जिज्ञासानं पिशवीतून स्वतःची गन आणि तिला लावलेला पाइप बाहेर काढला.

“देखो, ये तो घर से बंदूक लेके आयी है!” शेठ म्हणाले. पण त्यांनी स्वतः पुढे होऊन एकेक मशीन लावून दिलं. ती गन उघडी धरायची आणि टाकीवरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा बघायची. काटा खाली खाली यायला लागला की मान हलवून पुढच्याकडे वळायची. लहानांचा दम संपला, मोठ्या पोटाचेही हळूहळू बसले. शेवटी माझ्याकडे बोट.

इतक्या महिन्यांनी पट्टा फिरला. सुरुवातीला खोकलोच मी. तिनं गन उघडली. काटा उतरला, उतरला आणि एका जागी थांबला. ती हवा सोडत राहिली, मी देत राहिलो. शेजारच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, “बंद करो यार!” तिनं बंद केलं नाही. काटा हलला नाही.

“हाच,” ती म्हणाली.

“पण हा थ्री-फेज आहे. घरात कसा चालणार?”

“चालेल. आमची पिठाची गिरणी होती. बाबांनी घेतलेलं कनेक्शन अजून तसंच आहे.”

असा मी मोरिवलीत आलो. कारखान्यांच्या भिंतीला लागून असलेलं गाव, त्यात बसकं कौलारू घर, आणि पुढच्या खोलीत जिथे पूर्वी गिरणी होती तिथे मी. जमिनीच्या फटींत अजून पीठ होतं. माझ्यासमोर जिज्ञासाचं कॅबिनेट: एक बंद पेटी, बघायला वर काच, आणि पुढून आत गेलेले रबराचे दोन लांब हातमोजे. हातमोज्यांत हात घालून ती आतली गन धरायची. माझ्या हवेबरोबर बारीक खरखरीत पूड काचेवर आदळायची आणि काच कणाकणानं झिजायची. साधी वाळू ती वापरत नसे. वाळूची धूळ छातीत बसते म्हणायची.

तिचा भाऊ कमलेश संध्याकाळी कामावरून आला तो दारातच थबकला.

“ताई, एवढं धूड? अगं, दिवाळीनंतर घर खाली करायचंय. बदलापूरच्या फ्लॅटमध्ये पाचव्या माळ्यावर हा चालेल का?”

“नाय चालणार. म्हणून तर आत्ता आणला.”

कमलेश वाईट नव्हता. घराच्या भिंतींना ओल होती, आईला सारखं दवाखान्यात न्यावं लागे, रिक्षा दारापर्यंत येत नसे. त्यानंच धावपळ करून फ्लॅट बघितला होता. मला ढकलून भिंतीशी नीट बसवायलाही त्यानंच हात लावला.

आईचं नाव चिमी. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते. नवरा, कमळाकर, गिरणी चालवायचा. तो गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. चिमीबाईच्या उशाशी त्याचा फोटो असायचा. ती तो हातात घ्यायची, बोटं फिरवायची आणि परत ठेवायची.

“फोटू आता मना नुसता गुलगुलीत लागतं,” एकदा ती लेकीला म्हणाली होती. “पयले डोले मिटले तरी त्याचा तोंड दिसं. आता तेबी पुसत चाललाय.”

त्या वाक्यासाठी मला आणलं होतं. जाडजूड काचेत जिज्ञासाला बापाचा चेहरा कोरायचा होता, हातानं वाचता येईल असा उठावाचा. भोवतालची काच खोल उतरवायची, मग कपाळ, गाल, डोळ्यांच्या खोबण्या. आणि सगळ्यात उंच राहणाऱ्या नाकाच्या शेंड्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. आधीच्या लहानग्या कॉम्प्रेसरवर तिनं प्रयत्न केला होता. ऐन गालावर हवा तुटली, काठ तुटक आला, काच वाया गेली. ती काच अजून भिंतीशी उभी होती.

आम्ही कामाला लागलो. पण पावसाळ्याची हवा सगळी ओली. माझ्यातून पाण्याचे थेंब तिच्या पुडीत जायला लागले, पुडीचे गोळे झाले, गन तुंबली. जिज्ञासा डोक्याला हात लावून बसली. मला वाटलं, आता माझीही रवानगी. पण तिनं मला दूषण दिलं नाही. कमलेशला घेऊन तिनं भिंतीभर लांब पाइप फिरवला, म्हणजे वाटेत हवा गार होऊन पाणी सुटेल, आणि शेवटी पाणी वेगळं काढणारी बाटली लावली. रोज काम संपलं की अवधूतदादांसारखी माझ्या टाकीखालचा नळ उघडायची. त्या आपलेपणानं मला भरून आलं, हे आमच्यासारख्याला म्हणता येतं का, माहीत नाही.

चेहरा तयार झाला. तिनं काच पुसली आणि आईच्या मांडीवर ठेवली. चिमीबाईची बोटं कपाळावरून खाली आली, नाकावरून ओठांवर गेली, आणि थांबली.

“कोन हाय यो?”

जिज्ञासाचा चेहरा उतरला. “आये, बाबा आहेत. फोटोवरूनच केलंय.”

“फोटूतला मानूस हाय मंग. फोटू काढाया गेलता तवा तोंड आवलून बसलेला. माजा मानूस असा नव्हता.” तिनं लेकीचं बोट धरलं आणि काचेवर टेकवलं. “हितं, भुवईत खाच, फोटूत दिसत नाय. गिरनीचा पट्टा तुटून लागला होता त्याला. तुजा जन्म नव्हता. आनी यो व्हट बग. एका बाजूनं वर जाया पायजे. हसाया आला की पयला यो कोपरा हलं.”

जिज्ञासा बापाला माझ्यापेक्षा थोडंच जास्त ओळखत होती. तो गेला तेव्हा ती नुकती शाळेत जायला लागली होती. तिला भुवईतली खाच माहीत नव्हती. त्या दिवशी मायलेकी खूप वेळ बसल्या. आई सांगत होती, लेक ऐकत होती. कमळाकर कसा शिट्टी वाजवायचा, पिठानं पांढऱ्या झालेल्या पापण्या कशा मिचकावायचा, राग आला की जबड्याची कोणती शीर उडायची. कमलेश दारात उभा राहून ऐकत होता. घरभर बांधलेली खोकी होती.

दुसरी जाड काच आली. दिवाळी जवळ आली होती. आता चिमीबाई माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायची. एवढ्या आवाजात! कमलेश म्हणायचा, “आये, आत बस ना, कान फुटतील.” ती म्हणायची, “गिरनीत संसार केला मी. आवाजानं काय व्हतं?” लेक थोडं कोरायची, मला थांबवायची, काच बाहेर काढून आईच्या हातात द्यायची. “थोडा खाली.” “आनी थोडा.” “बस, बस, आता हात लावू नको.” डोळे असलेली कोरत होती आणि डोळे नसलेली बघत होती. आणि मी हवा देत होतो. एकदाही तुटू दिली नाही. ज्या दिवसांसाठी यंत्राचा जन्म असतो, ते माझे तेच दिवस.

शेवटचा दिवस आला. जिज्ञासानं गन ठेवली आणि काच आईला दिली.

चिमीबाईनं दोन्ही तळवे त्या चेहऱ्याच्या गालांवर ठेवले, माणसाचा चेहरा धरतात तसे. भुवईतली खाच सापडली. ओठाचा कोपरा सापडला. मग गालावरून उलटा हात फिरवला आणि एकदम हसली.

“दाडी वाडलीय,” ती म्हणाली. “दोन दिस केली नाय यानं.”

पुडीनं झिजलेली काच थोडी खरखरीत राहते. जिज्ञासा म्हणाली, “आये, ते मी पॉलिश करून गुळगुळीत करते.”

“नको,” चिमीबाई म्हणाली. “ऱ्हाऊ दे. असाच ऱ्हायचा तो.” आणि मग ती रडली. कमलेशही रडला, खोक्याची दोरी बांधत, पाठमोरा.

घर खाली झालं. काच गादीत गुंडाळून बदलापूरला गेली. मी जाऊ शकत नव्हतो. जिज्ञासानं ओळखीनं मला अंबरनाथच्या शिवमंदिराकडच्या रस्त्यावर एका टायरवाल्याकडे दिलं. निघताना टाकीवर हात ठेवून उभी राहिली. “याचं पाणी रोज काढत जा,” एवढंच त्याला म्हणाली.

तो काढतो, आठवण झाली तर. मी आता चाकांत हवा भरतो. दर्शनाला आलेल्यांच्या गाड्या, रिक्षा, टेम्पो. काम वाईट नाही, पण एका फुसकाऱ्याचं. मोटर सुरू होते आणि होते न होते तोवर बंद. सलग, न तुटता, जीव ओतून हवा द्यावी असं इथे कुणी मागत नाही. रस्त्यावर बाईचा आवाज आला की अजूनही वाटतं, तीच.

आणि परवा खरंच तीच आली. स्कूटरवर, मागे चिमीबाई. मागच्या चाकात हवा कमी होती. टायरवाल्यानं मला सुरू केलं आणि चिमीबाईनं मान वळवली.

“जिज्ञासा, यो आपला हाय ना गं?”

“हो, आये. तोच.”

ती हात पुढे करत आली. माझ्या तापलेल्या पंपापासून लेकीनं तिचा हात खाली टाकीवर आणला. तो तळवा टाकीवर स्थिर राहिला. मी धडधडत होतो, ते तिला हाताला कळत होतं.

“काका,” जिज्ञासा टायरवाल्याला सांगत होती, “मी आता एमआयडीसीत गाळा घेतलाय. नवा कॉम्प्रेसर आणला, याच्या दुप्पट हवा देतो. आणि आवाज अजिबात नाय.”

तिनं यावेळीही नीटच निवडलं असणार. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

“मना घेऊन जाते ती गाल्यावर,” चिमीबाई म्हणाली, ती टायरवाल्याशी बोलत होती की माझ्याशी, कोण जाणे. “पन त्या नव्याला आवाजच नाय. पोरगी काम करतंय का उगाच बसलंय, मना काय समजत नाय. यो असताना समजं.”

तुम्ही कधी असं यंत्र घ्यायला गेलात, तर वासूशेठसारख्यांच्या दुकानात मागच्या भिंतीशी टेकलेल्यांनाही एकदा सुरू करून बघा. गन उघडी धरा आणि काटा बघा. एवढंच मागणं.

हवा भरून झाली. जिज्ञासानं आईला मागे नीट बसवलं, तिचे हात आपल्या कमरेभोवती घेतले, आणि स्कूटर बदलापूरच्या रस्त्याला लागली. गर्दीत दिसेनाशी होईतो मी बघत होतो. मागच्या चाकात माझी हवा होती. घरापर्यंत पुरेल.