देवचाराच्या ढिगातली जोडी

लवूला देवचाराने धरला, असं म्हणून अख्खी टेकडी मोकळी झाली. घाटकोपरच्या त्या झोपडपट्टीत मालवणकडच्या माणसांनी गावचा राखणदार एका दगडात आणून बसवला होता. देवचार रात्रभर वस्तीभोवती फेरी मारतो, म्हणून त्याला कातडी वहाणा वाहायच्या. झिजल्या की नव्या. जुन्यांचा ढीग दगडामागे. त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि बाईने तर दगडाभोवतीच्या चौथऱ्यावर पाऊलही ठेवायचं नाही.

संपात गिरणी गेली तेव्हा लवूने थापी हातात धरली, गवंडी झाला. दगडाभोवतीचा सिमेंटचा कोबा संध्याकाळी त्यानेच घातला आणि सकाळी तो त्यावरच डोकं फुटून पडलेला सापडला. ओल्या कोब्यात अनवाणी पावलं उमटली होती. वस्तीच्या मंडळाचा म्होरक्या जयवंत याने त्यांवर हळदकुंकू ओतलं आणि जाहीर केलं, ही देवाची पावलं. लवूच्या घरावर कोप आहे, दिवसकार्य उरकलं की त्याच्या बायकोने खोली सोडावी. त्या जागेवर मंडळाचं ऑफिस उठवायचं, हे जयवंत लवू जिवंत असल्यापासून म्हणत होता. लवू नाही म्हणत होता.

लवूची बायको जानकी रडून झाल्यावर विचार करायला बसली. बाईने हे केलेलं लोकांना आवडत नाही.

ती चौकीत गेली. हवालदार शिवदासने 'पाय घसरून' असं लिहून विषय मिटवला होता.

"साहेब, देवचार अनवाणी फिरत असता तर आम्ही त्याला वहाणा कशाला वाहिल्या असत्या?"

शिवदासचं पेन थांबलं.

"देवासमोर चपला काढतो तो माणूस. खून करायला आला तरी काढतो, हाडात बसलेलं असतं ते. मग सिमेंटचे पाय तसेच चपलेत घातले असणार ना? जयवंत त्या दिवसापासून अनवाणी फिरतोय. नवस म्हणतो. चपला गावी धाडल्या म्हणतो."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"जिथे कुणी हात लावत नाही, तिथे आहेत."

शिवदासने आवाज खाली आणला. "बाई, मी जयभीमवाला. तुमच्या दगडामागे मी हात घातला तर टेकडी पेटेल, आणि पहिली आमची घरं जळतील."

"हात मी घालते. तुम्ही नुसते उभे राहा. तेवढं जमेल ना?"

भरदुपारी शिवदास खाली उभा राहिला आणि जानकी कोब्यातली पावलं चुकवत, चपलांसकट चौथऱ्यावर चढली. शेजारची चंपा दारातून कळवळली, "जानके, खाली उतर गो, वाट लागतली तुझी."

"लागली ती काय कमी हा?"

जयवंत धावत आला. "मेल्ये, चपला काढ आधी."

"काढतंय. तुझ्यो काढतंय."

तिने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि जोडी ओढून काढली. टायरचा तळ, पितळी रिबिटं. मरोळच्या कारखान्यात जयवंतने स्वतः ठोकलेली ती रिबिटं त्याने साऱ्या वस्तीला मिरवून दाखवली होती. आत सिमेंट वाळून दगड झालं होतं. बोटांच्या ठशांसकट.

"घाल पायात," शिवदास म्हणाला.

जयवंत मागे सरला. "देवाक वाहिलेल्या वस्तूत मी पाय घालूचंय नाय."

"गावाक धाडलंस ना रे?" जानकी म्हणाली. "मगे हय कोणी वाहिल्यान?"

पोलिसासमोर तो वाटेल ते खोटं बोलला असता. दगडासमोर त्याची जीभ वळेना. शिवदासने त्याची कॉलर धरली.

तरी म्हातारे पुटपुटलेच. बाई चौथऱ्यावर चढली, देव रागावला, आता तर खोली सोडायलाच हवी.

जानकी पावलांशेजारी फतकल मारून बसली. "ज्येका माका उठवूचा आसा, त्येना पुढे येवचा." कुणी आलं नाही. तिने दाराकडे मान वळवली. "चंपा, चाय टाक गो. पंचनाम्याक येळ लागतलो. तवसर ह्या पावलांर कोणी पाणी ओतूचा नाय."