लांबलेली प्रार्थना

"परत चक्करचीच प्रार्थना का?" बेकरीवाली शेजारच्या खुर्चीकडे झुकून कुजबुजली. "दर बुधवारी आपलं तेच. देवालासुद्धा पाठ झालं असेल आता."

"हळू बोल गं. मावशी पुढेच बसल्यात."

मावशींना ऐकू आलं होतं. वय झालं तरी कान शाबूत होते त्यांचे. नसते तर बरं झालं असतं, असं अलीकडे त्यांना फार वाटायचं.

चर्चच्या मागच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या, मधल्या टेबलावर चहाचा थर्मास होता. कोपऱ्यातून लाकडी जिना वर जायचा आणि एका बंद दारापाशी संपायचा. दारामागे सगळी अडगळ: वेदीची जुनी कापडं, मेणबत्त्यांची खोकी, पाय मोडलेल्या खुर्च्या. आणि आज सकाळपासून मावशींची सून.

ही गोष्ट आपल्याखेरीज कुणालाच माहीत नाही, अशी मावशींची समजूत होती.

सुनेला चक्कर येते आणि ती पडते, हे मात्र सगळ्या चर्चला ठाऊक होतं. कधी ती न्हाणीघरात पडायची, कधी जिन्यावर. एकदा तर म्हणे पलंगावरून उतरताना पडली आणि मनगट मोडून बसली. चर्चनं काही कमी केलं नव्हतं. महिला मंडळानं न्हाणीघरासाठी रबरी चटई आणून दिली. मास्तरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, वर त्या घेतल्या की नाही याची उलटतपासणीही केली. ऑर्गन वाजवणारे काका तिला स्वतः कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं कान पाहिले, कान ठणठणीत. मग गळ्यावरचे वळ पाहिले, आणि बराच वेळ चष्मा पुसत बसला. मायेला तोटा नव्हता. ती माया फक्त घराच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथून नमस्कार करून परत जायची.

एकदाच सून चर्चच्या पाळकांशी बोलायला गेली होती. काय बोलली कोण जाणे, पण त्या रविवारचं प्रवचन दुसरा गाल पुढे करण्यावर झालं. गाल तिचा एकटीचा, पुढे करायचा सल्ला मात्र सगळ्यांचा. मावशींनीही तोच दिला होता, तिच्या सुजलेल्या तोंडाला बर्फ लावता लावता. "सोसलं की माणूस बदलतं गं." सुनेनं नुसता त्यांचा हात धरून बर्फ दुसऱ्या बाजूला सरकवला होता.

पण काल भिंतीपलीकडून आधी धडपड ऐकू आली आणि मग एकदम काहीच ऐकू येईना. आवाजापेक्षा आवाज थांबणं जास्त भयंकर असतं, हे मावशींना काल कळलं. आज मुलगा दुकानात गेल्याबरोबर त्यांनी सुनेचा हात धरला आणि तिला इथे आणलं. वेदीची कापडं धुण्याचं, इस्त्रीचं काम त्यांच्याकडे, म्हणून वरच्या दाराची किल्लीही त्यांच्याकडे. सुनेची बहीण दुसऱ्या गावाहून गाडी घेऊन निघाली होती. प्रार्थना सुटायच्या सुमारास पोचते म्हणाली. "तोवर पायसुद्धा हलवू नकोस," असं बजावून मावशींनी बाहेरून कुलूप लावलं, आणि तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की हे कुलूप मुलाच्याच दुकानातलं आहे. चर्चच्या प्रत्येक दाराची किल्ली त्याच्याच हातची होती. कुलपं-किल्ल्यांचा धंदाच होता त्याचा.

आता तो समोर उभा राहून बोलत होता.

"सकाळपासून घरात नाहीये ती. फोन घरीच टाकून गेलीये. चक्कर येऊन कुठे रस्त्यात पडली असेल तर..." त्यानं रुमाल काढला. "ती सुखरूप घरी यावी. एवढंच मागणं आहे माझं."

तो रडत होता आणि ते रडणं खोटं नव्हतं. मावशींना त्याचीच तर भीती वाटायची. तो प्रत्येक वेळी, नंतर, असाच मनापासून रडायचा. लहानपणी ह्या डोळ्यांत पाणी आलं की त्या हातातलं काम टाकून धावायच्या. आत्ताही पाय आपोआप उठायला निघाले, आणि त्या स्वतःलाच घाबरल्या. मांडीवरची पिशवी त्यांनी घट्ट धरली, नाहीतर उठून त्याचे डोळे पुसले असते.

पाळकांनी वाट चुकलेल्या मेंढराविषयी चार शब्द म्हटले. सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात वर काहीतरी पडलं आणि घरंगळत गेलं. मेणबत्ती असावी. छताच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तिचा गडगडाट सावकाश गेला आणि भिंतीला लागून थांबला.

मास्तरीणबाईंनी एकदम गाणं सुरू केलं. इतक्या वरच्या पट्टीत, की त्यांचा त्यांनाच ठसका लागला. काकांनी टेबल बडवत साथ दिली. बेकरीवाली, जिचा आवाज गाण्यात कुणी कधी ऐकला नव्हता, ती डोळे मिटून ओरडत होती.

वर कुणीच पाहिलं नाही.

मावशींनी एकेक चेहरा पाहिला. डोक्यावर आवाज झाला की माणूस वर बघतो. न बघायला आधीपासून माहीत असावं लागतं. म्हणजे सकाळी कुणीतरी दोघींना येताना पाहिलं होतं, एकानं दुसऱ्याला सांगितलं होतं, आणि सगळे इथे येऊन चकरेसाठी प्रार्थना करत बसले होते. वर कोण आहे हे यांना माहीत होतं. का आहे, हेही.

गाणं संपलं. कितीही ओढलं तरी गाणं संपतंच.

"उंदीर फार झालेत," पाळक म्हणाले.

"उंदीर असा आवाज करत नाहीत," मुलगा म्हणाला. डोळे अजून ओले होते, पण आवाज कोरडा झाला होता. हाच आवाज मावशींना भिंतीपलीकडून ओळखीचा होता. "आई, वरची किल्ली कुठेय?"

"घरी राहिली रे."

"असू दे." त्यानं कमरेचा जुडगा काढला. "माझ्याकडे आहे."

"दादा, आधी चहा तरी घे," बेकरीवाली म्हणाली. "केक आणलाय मी. गार झाला तर उगाच मला नावं ठेवाल."

"केक गारच असतो, काकू."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. तो जिन्यापाशी पोचला होता.

"शेवटची प्रार्थना राहिली आहे," पाळक घाईघाईनं म्हणाले. कुणाकडेच न बघता. "ती झाली की बघू ना. मावशी, तुम्ही करता?"

मावशी उठल्या. प्रार्थना सुरू असताना कुणी जागचं हलायचं नाही, हा इथला नियम होता आणि रविवारच्या शाळेत पोरांना तो शिकवणारा त्यांचाच मुलगा. पायरीवर एक पाय ठेवून त्यानं मान खाली घातली. माना झुकल्या, डोळे मिटले. मावशींनी डोळे उघडेच ठेवले.

"हे दयाळू बापा," त्या म्हणाल्या, "आजच्या दिवसाबद्दल तुझे आभार. पाळकांना आशीर्वाद दे, त्यांच्या मधुमेहाला आशीर्वाद... म्हणजे मधुमेह जाऊ दे. मास्तरीणबाईंच्या गळ्याला जप. काकांच्या ऑर्गनला जप, त्याचा एक सूर अडकतो, तुला माहीतच आहे..."

त्यांनी प्रार्थनेत बेकरीची भट्टी घेतली. परगावची नातवंडं घेतली, दवाखान्यातले आजारी घेतले, समुद्रावरचे खलाशी, खाणीतले मजूर. कान मात्र रस्त्याकडे होते. गाडी येत नव्हती. परीक्षेला बसलेली मुलं घेतली, परीक्षा घेणारे मास्तर घेतले, सरकारलाही आशीर्वाद देऊन टाकला. तोंडाला कोरड पडली. त्यांच्यापाशी माणसंच उरली नाहीत.

"आमेन," मुलगा हळूच म्हणाला. "आई, आमेन म्हण."

"आणि, देवा, पाखरांना..."

"आई."

किल्ल्या वाजल्या. पहिली पायरी करकरली, मग दुसरी. नियम मोडून तो चढत होता आणि कुणी डोळे उघडले नाहीत. पाळकांच्या पापण्या तर इतक्या घट्ट होत्या की कपाळावर आठ्या पडल्या होत्या. वर लाकडी फळीवर काहीतरी सरकलं, दारापासून लांब, आणखी लांब, जिथे पुढे भिंतच होती.

आज रात्री आपल्याला ह्याच्याच घरी जायचं आहे, हे मावशींच्या मनात आलं. आपली खोली, आपली ती भिंत. मग त्या पुन्हा बोलल्या. आवाज बारीक निघाला, पण खोली इतकी शांत होती की सगळ्यांपर्यंत पोचला.

"देवा, तुला हे सांगायची गरज नाही. पण इथे अजून कुणी म्हटलेलं नाही, म्हणून मी म्हणते. माझ्या सुनेला चक्कर येत नाही. माझा मुलगा तिला मारतो."