मुकादमाची खाज

साहेब, तुम्ही खोटं बोललात. मुक्या जनावरावर आळ घेतलात, कारण ते उलटून बोलत नाही.

तुमच्या धुलाईखात्यातल्या मावशीचे हात मनगटापर्यंत सोलवटले होते. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, दिवसभर ओलं काम. तुम्ही ते हात पाहिलेत आणि दोन पावलं मागे सरकलात. "मांजर पाळता ना? मग त्याचंच आहे हे. मांजर काढा, नाहीतर घरी बसा. या चादरींवर लोक झोपतात."

मावशी गोंधळली. मांजर होतं हे खरं. बोका. नाव मुकादम, कारण काम काडीचं नाही, नुसतं फिरून सगळ्यांवर नजर. नवरा गेल्यापासून घरात तिची वाट पाहणारा तेवढा एकच जीव. आणि तो खाजवत होता हेही खरं. पोट आणि हनुवटी ओरबाडून उघडी पडली होती. म्हणजे साहेबांचं बरोबर?

तिने त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी बारीक फणी फिरवली, पिसू नाही. कातडी खरवडून काचेखाली पाहिली, किडा नाही, बुरशीही नाही. खाणं बदललं. मुकादम रुसला, पण खाज काही हलली नाही. मग बाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणाला खाज आहे का?"

"छे, छे!" मावशीने हात पिशवीमागे लपवले.

परतताना डोक्याचा पार भुगा. साहेब म्हणतात, मांजराने तुम्हाला दिली. बाईंना वाटतंय, मांजराला कोणीतरी दिली. आधी कोण खाजवलं? आठवेना.

नोकरी सोडून चालणार नव्हतं. काळजावर दगड ठेवून तिने मुकादमाला धाकट्या बहिणीकडे ठेवलं. काही दिवसांनी बहिणीचा फोन. "ताई, तुझा मुकादम ठणठणीत आहे. उंदीर एक मारत नाही, पण खाजवतही नाही. पोटावर लव आली बघ!"

मावशीला रडूच फुटलं. म्हणजे मीच लावली त्याला! मग डोळे पुसताना हात दिसले. घरात मांजराचा केस नव्हता आणि हात होते तसेच, उलट बोटांच्या बेचक्यांतून रक्त. मग मला कोणी लावली?

न राहवून ती कामावरून थेट बहिणीकडे गेली, अंगातला एप्रनही न काढता. मुकादमाने मांडीवर उडी घेतली, एप्रन तुडवला, हनुवटी टेकली आणि पोट पसरून घोरू लागला. त्याची झोप मोडू नये म्हणून तिने एप्रन सोडून त्याच्याखालीच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी बहीण फोनवर ओरडली, "परत सुरू झालं याचं! काय घेऊन आली होतीस?"

एप्रन घेऊन मावशी बाईंकडे गेली. या वेळी हात पुढे केले.

"घरी कुठे झोपायचा मुकादम?"

"या एप्रनवरच."

"आणि हा धुता कशात?"

"कामावरच्याच पावडरीत."

बाई म्हणाल्या, "छातीठोक सांगत नाही. पण एप्रनला जे टेकतं तेच तो खाजवतो. हा लांब ठेवा. आणि पावडरीत काय आहे ते विचारा."

कामावर तिने इस्त्रीवाल्याचे हात उलटे करून पाहिले. तेच लाल चट्टे. "मांजर आहे तुझ्याकडे?"

"सासूबाई आहेत, मावशी. बोचकारतात, पण तोंडाने." मग त्याचं हसू मावळलं. "पावडरीची बिनछापाची नवी पोती आली ना, तेव्हापासून आहे हे. मला वाटलं, उष्णता."

तशीच ती तुमच्या टेबलासमोर आली. दोन्ही हात फायलींवर ठेवले. तुम्ही खुर्ची मागे ओढलीत आणि हळूच म्हणालात, "मावशी, उगाच खाजवून खरूज काढू नका."

"ती तर निघालीच आहे, साहेब. मांजर काढलं, तरी हात असेच. इस्त्रीवाल्याकडे मांजर कधी नव्हतंच. मला काही कळत नाही, म्हणून विचारते. त्या पोत्यांत काय आहे?"

तुम्ही खिडकीबाहेर पाहिलंत.

"तिकडे नाही. इकडे बघा आणि सांगा. काय आहे त्या पोत्यांत?"