गोड बोलण्याचा ताप

आमच्या घरात कुणी गोड बोललं की समजावं, कुणीतरी आजारी आहे. एरवी मी गरजते आणि नवरा बरसतो. तो पंखे दुरुस्त करतो, मी कपडे शिवते. दोघांचं काम एकाच खोलीत, त्यामुळे त्याचे स्क्रू माझ्या कापडात आणि माझ्या टाचण्या त्याच्या पायात.

आमची ठमी वीस वर्षांची. समज पाच वर्षांच्या मुलीएवढी, असं डॉक्टर म्हणतात. त्यांनी तिला लपवलेली बिस्किटं शोधताना पाहिलेलं नाही. ती लहान असताना तिचं कळलं, तेव्हा आम्ही कितीतरी दिवस कुजबुजत जगलो, जणू घरातलं कुणी गेलंय. मग एकदा दूध उतू गेलं, मी नवऱ्यावर खेकसले, तो माझ्यावर, आणि ही खुदकन हसली. तेव्हापासून आमचा आवाज चढला तो उतरलाच नाही.

आता कागदी पिशव्यांच्या कार्यशाळेत तिच्यासाठी जागा निघाली होती. मला ती हवीच होती. आमच्यामागे तिला आपली म्हणणारी चार माणसं नकोत? पण तिथल्या बाई आधी घरी येऊन वातावरण बघणार होत्या.

"तोंडाला कुलूप लाव," मी नवऱ्याला बजावलं.

"आधी तुझ्या," तो म्हणाला.

बाई आल्या. मऊ आवाजाच्या, लोण्यासारख्या.

"अहो, बाईंना चहा देता का?" मी नवऱ्याला चक्क 'अहो' म्हटलं.

"देतो. तू बस गं, दमली असशील." हे वाक्य मी शेवटचं ऐकलं ते बाळंतपणात.

चहा आला, पण ठमीचा चेहरा उतरला. ती आत गेली, थर्मामीटर आणून बापाच्या तोंडात खुपसला आणि माझ्या अंगावर चादर टाकली.

"काही नाही हो, गंमत करते," मी आवाज साखरेत घोळून म्हणाले. मग तर तिची खात्रीच पटली. तिनं भोकाड पसरलं. "आई, मरू नको!"

गेली जागा खड्ड्यात.

"कोण मरतंय गं? तुझ्या बापाचा चहा पिऊन इतकी वर्षं जगले, आता काय मरते! आणि तू रे, काढ तो थर्मामीटर! ध्यानासारखा बसलायस!"

"तूच म्हणालीस ना कुलूप लाव!" नवरा गरजला.

ठमीनं डोळे पुसले. "बरे झाले," तिनं बाईंना सांगितलं.

"छान झालं हं, बाळा," बाई हळूच म्हणाल्या.

ठमीनं लगेच त्यांच्या कपाळाला हात लावला आणि माझ्यावरची चादर ओढून त्यांना पांघरली. "आई, हिच्यावर पण ओरड ना."

मी चाचरले. बाई चादरीतून म्हणाल्या, "ओरडा की."

"चहा गार झाला, प्या आधी मुकाट्यानं!"

बाईंनी कप एका दमात रिकामा केला. "सोमवारी पाठवा हिला!" त्याही ओरडल्या. ठमीनं टाळ्या पिटल्या.

सोमवारी तिनं डब्याच्या पिशवीत थर्मामीटर घातला. तिकडे सगळेच आजारी आहेत, असं तिचं ठाम मत.

ती गेली आणि खोलीत नुसता माझ्या मशीनचा आवाज. थोड्या वेळानं नवरा म्हणाला, "तू बस, मी करतो चहा."

मी उठून त्याच्या कपाळाला हात लावला.

"ओरड ना," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना.