उंबऱ्यावरचं घुबड

लीनाला चित्र जमेना. आर्ट कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला चित्र जमेना, म्हणजे सुगरणीला वरण जमेना म्हणण्यातला प्रकार. पण झालं होतं खरं. गेल्या साली तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि तिथेच माशी शिंकली. एक रेघ ओढली, की ती बक्षिसाच्या लायकीची वाटायची नाही आणि खोडरबर सुरू व्हायचं. कागदाला लव फुटायची, चित्र काही फुटायचं नाही. दुर्गापूजेची सुट्टी संपली की वार्षिक प्रदर्शनासाठी चित्र द्यायचं होतं, आणि बँकेत अधिकारी असलेल्या बाबांनी, विनायकरावांनी, बजावून ठेवलं होतं, "यंदा भिंतीवर चित्र दिसलं नाही, तर बी.कॉम."

बहात्तर सालची कोजागिरी होती. बंगाल्यांची त्या दिवशी लक्ष्मीपूजा असते. बालीगंजला लीनाच्या घराशेजारी राहणाऱ्या माशीमांचा, म्हणजे बंगाली मावशींचा, हात दुखत होता, म्हणून त्यांनी दारातली अल्पना काढायला प्रेमाआत्याला गळ घातली. ही विनायकरावांची थोरली बहीण, रोज दारात रांगोळी काढणारी. नाही म्हणणं आत्याच्या रक्तातच नव्हतं. लीनाला वाटी धरायला घेऊन ती पदर खोचून बसली.

पण रांगोळी कोरडी, चिमटीतून सोडायची. अल्पना तांदळाच्या ओल्या पिठाची, पिठात भिजवलेला कापडाचा बोळा दाबून बोटावरून उतरवायची. आत्याने सवयीने चिमूट दाबली आणि ऐन उंबऱ्याजवळ भला मोठा ठिपका पडला. तळव्याने पुसायला गेली, तर तो लाल फरशीवर आणखी फिसकटला.

आत्या मात्र थांबली नाही. ठिपक्याला पंख काढले, मोर करू म्हणून. मान काही निघेना. डोळे दिले, तर ते वाटोळे झाले.

"अगबाई, घुबड! सणासुदीला, लोकांच्या दारात!" आत्या पुटपुटली. बोट मात्र चालूच होतं. घुबड तर घुबड, पण नेटकं. पिसं भरली, नखं काढली.

माशीमा बाहेर आल्या आणि त्यांनी चक्क हात जोडले. "ओ मा! लक्ष्मी का वाहन! आपको कैसे मालूम?"

आत्याची पापणी लवली नाही. "इसीलिए तो निकाला!"

तिच्या त्या मराठमोळ्या हिंदीवर लीना पोट धरून हसली, कित्येक महिन्यांनी. पण घरी येताना तिला आत्याचं भारी कौतुक वाटत होतं. शाबासकी मागाहून मिळाली. बोट त्याआधीच, फजिती समोर दिसत असताना चालत होतं. असं धाडस बक्षीस मिळवणाऱ्या आपल्यात का नाही?

तिने पेन्सिल बाजूला सारली आणि थेट शाईने, वाकून बसलेली आत्या काढायला घेतली. अर्ध्यावर टाकातून थेंब पडला, नेमका नाकावर. हात खरवडायच्या पात्याकडे गेला, थबकला आणि माघारी आला. मग नाकच त्या थेंबाएवढं झालं, नाकामागून गाल, गालामागून सगळी आत्या.

प्रदर्शनात आत्या बराच वेळ चित्रासमोर उभी होती. "माझं नाक एवढं कुठे आहे गं?"

विनायकरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "एवढंच आहे, ताई. जन्मभर बघतोय मी."

मग ते लीनाकडे वळले. "शाई शिल्लक आहे का? नसली तर उद्या बँकेतून येताना एस्प्लनेडवरून आणतो."