वस्तीतलाच आवाज

सासरी तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली सून दूरच्या शहरात आपल्या संसारात रमलेली. त्यामुळे धाकट्याची बायको आली ती धाकटी झाली, आणि केस पांढरे व्हायला लागले तरी धाकटीच राहिली. नवरा बोटीवर इंजिनिअर. वर्षातले बरेचसे महिने पाण्यावर. फोन आला की म्हणायचा, "तू आहेस म्हणून मला घोर नाही बघ." आणि हे इतक्या मायेने म्हणायचा की त्यावरून भांडायचीही सोय नव्हती.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते सांधलं, पण भरवसा काही सांधला नाही. वॉकर धरून त्या संडासापर्यंत जात, बाकी वेळ खिडकीपाशी खुर्चीत. आणि खुर्चीतून हाक. चष्मा सापडत नाही, खिडकी लावायची आहे, खिडकी उघडायची आहे, नाहीतर नुसतंच, "धाकटे, आहेस का गं?" धाकटी असेल तिथून ओरडायची, "आले, आले!" ती कामावर असली तर हाक फोनवरून यायची.

आजूबाजूची वस्ती एव्हाना निम्मी पाडून झाली होती. समोरची लाँड्री गेली, तिच्या मागची चपलांच्या कारखान्याची शेड गेली, त्यांच्या जागी पत्र्याचं कुंपण आणि क्रेन. यांच्या इमारतीतली बिऱ्हाडंही एकेक करत उठली. बिल्डरच्या माणसाने सासूबाईंपुढे कागद ठेवला, की त्या म्हणत, "मला उचलून न्या आणि मग पाडा." त्यांना उचलणार कोण? आणि त्यांना एकटीला सोडून जाणार तरी कोण? म्हणून रिकाम्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोघीच राहिल्या होत्या.

धाकटीची नोकरी संग्रहालयात, चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे वस्तीवर प्रदर्शन करायचं ठरलं तेव्हा संचालकांच्या डोक्यात फोटो होते. आधीची वस्ती, आताची वस्ती, खाली चिठ्ठ्या. एरवी मीटिंगमध्ये मान डोलवणारी धाकटी त्या दिवशी बोलली. "फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत, सर. ती जागा ऐकू कशी येते, ते कुणाकडेच नाही. एखाद्या ध्वनिकाराकडून करून घेऊ. एक खोली, अंधार, आणि नुसता आवाज."

संचालकांनी आढेवेढे घेतले. ती हटून बसली. कलाकाराला अगदी मोकळा हात द्यायचा, शेवटचा शब्द त्याचा, संस्थेने काटछाट करायची नाही, ही अटसुद्धा तिनेच करारात घालून घेतली. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिच्या मनासारखं झालेलं हे पहिलंच काम. त्या दिवशी ती जिने चढली ती गुणगुणत.

ध्वनिकार आला. उंच, शांत, कायम कानांवर हेडफोन. त्याला माइक लावायला वस्तीतलं राहतं घर हवं होतं. राहतं घर एकच उरलं होतं. धाकटी म्हणाली, "आमच्याकडे लावा. खिडकीबाहेर क्रेन आहेच."

"आतही एक लावू का? पॅसेजमध्ये? बाहेरचा आवाज घरात कसा येतो, तेही ऐकायला हवं."

"लावा की. आत काय सापडणार तुम्हाला? भांडी!" असं म्हणून ती हसली, आणि त्याने पुढे केलेल्या संमतीच्या कागदावर तिने उभ्याउभ्याच सही केली.

सासूबाईंनी त्याचं नाव कानवाला ठेवलं. तो पॅसेजमध्ये बसला, की त्या म्हणायच्या, "कानवाल्याला चहा दे गं. बिचारा दिवसभर काही बोलत नाही." त्याच्या मदतीला म्हणून धाकटीने घरूनच काम घेतलं होतं. त्यामुळे त्या दिवसांत तिला हाका जरा जास्तच पडल्या. दोन-तीन दिवसांत ती माइक विसरून गेली. कानवाला एक दिवस सामान आवरून निघून गेला.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्याने काम ऐकवायला बोलावलं. अंधाऱ्या खोलीत संचालक, कानवाला आणि धाकटी, तिघंच. आधी लांबून कॉम्प्रेसर सुरू झाला. मग भिंत फोडण्याचे ठोके, पत्रा घासल्याचा किरकिराट, मागे येणाऱ्या डंपरची टीटी. धाकटी डोळे मिटून ऐकत होती. छान चाललं होतं. तेवढ्यात त्या सगळ्या धबडग्याच्या आतून, भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला. "आले, आले!"

धाकटी खुर्चीतून जवळजवळ उठलीच.

मग तो आवाज येतच राहिला. तोंडात घास असताना, अंगावर पाणी घेता घेता, धापा टाकत, झोपेतून दचकून. हाक एकही नव्हती. कानवाल्याने हाका सगळ्या काढून टाकल्या होत्या. बाहेर भिंती पडत होत्या आणि आत एक बाई कुणालाच ऐकू न येणाऱ्या हाकांना उत्तर देत होती. एका ठिकाणी ती म्हणाली, "आले," आणि पुढे काहीच झालं नाही. पावलं वाजली नाहीत. फक्त नळ ठिबकत राहिला. धाकटीला ती वेळ आठवली. सिंकच्या कडा दोन्ही हातांनी धरून ती तशीच उभी राहिली होती, पाय उचलत नव्हते. घरात कुणी बघितलं नव्हतं. पण माइक होता.

दिवे लागले. संचालक भारावून गेले होते. "कमाल! ही बाई कुठे सापडली तुम्हाला?"

कानवाल्याने धाकटीकडे पाहिलं. सांगायचं असेल तर तुम्हीच सांगा, असं त्या बघण्यात होतं. रोज शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या साहेबांना आपला आवाज ओळखू येऊ नये, याचं हसावं की रडावं, तिला कळेना.

"वस्तीतलीच आहे," ती म्हणाली.

एकदा असं म्हटल्यावर परतीचे सगळे दोर कापले गेले. संचालक बाहेर पडताच तिने कानवाल्याला गाठलं.

"तेवढं काढा. माझ्यासाठी."

"काढलं तर उरतं काय? ड्रिल. ते कुठेही वाजतं."

"मग दुसऱ्या कुणाचा आवाज घ्या."

"दुसरं कुणी राहतंय का तिथे?"

तोच पुढे म्हणाला, "मी तुमची परवानगी पुन्हा विचारायला हवी होती, हे खरं. पण ते ऐकलं आणि विचारायची भीती वाटली. तुम्ही नाही म्हणाला असता."

"आता म्हणतेय की."

"आता काम झालंय," तो खालच्या आवाजात म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मुजोरी नव्हती, म्हणून तिला धड चिडताही येईना. संचालकांकडे जावं, तर आधी ती बाई मीच, हे सांगायला हवं. वर काटछाट करायची नाही, ही अट कुणाची? तिची.

प्रदर्शन उघडलं तेव्हा सासूबाईंनी हट्टच धरला. "आपल्या घरात बनलंय ते, मी नको ऐकायला?" संग्रहालयाच्या वायरमनने आणि आणखी दोघांनी त्यांना खुर्चीसकट तीन जिने खाली आणलं. अंधारात धाकटी त्यांच्या शेजारी बसली. पहिलं "आले" वाजलं. आता या ओळखतील, आता चारचौघांत काहीतरी बोलतील.

सासूबाईंनी मान तिरकी करून बराच वेळ ऐकलं. मग तिच्या कानाशी लागून म्हणाल्या, "कुणाची तरी सून दिसतेय गं."

"असेल."

"सारखी बोलावतात वाटतं तिला. जरा टेकू द्या म्हणावं बाईला." त्यांचा आवाज खरोखर कळवळला होता. थोड्या वेळाने त्यांनी धाकटीचा दंड चाचपला. "धाकटे, इथे गार वाजतंय. माझी शाल आणतेस का?"

तोंडावर आलेला शब्द धाकटीने दातांखाली दाबला. ती उठली आणि शाल घेऊन आली.

प्रदर्शन गाजलं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयाने ती खोली आवाजासकट मागवली. संचालक म्हणाले, "तुम्हीच जा बरोबर. कल्पना तुमची. महिनाभराचं काम आहे, तिकडे दोन व्याख्यानंही द्या."

धाकटीला वाटलं, छातीवरची फळी कुणीतरी सरकवली. घरी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "जा की! मी काय बांधून ठेवलंय तुला?" त्यांनी हे मनापासून म्हटलं. थोरलीला फोन केला. थोरली म्हणाली, "अगं, आले असते, पण मुलांच्या परीक्षा. आणि त्यांना तुझीच सवय आहे ना." बोटीवर कळवलं. नवरा म्हणाला, "तुला योग्य वाटेल तसं कर. मी तुझ्यावर सोडलंय." दिवसा-रात्री राहील अशी बाई शोधली. ती आली, रिकाम्या इमारतीचा अंधारा जिना बघितला, आणि खालूनच परत गेली.

नाही कुणीच म्हटलं नव्हतं. तरी शेवटी गेला तो वायरमन. खोके, वायरी, स्पीकर घेऊन.

तिथे जोडणी झाल्यावर त्याचा फोन आला. "ताई, इथला हॉल फार मोठा आहे. आवाज विरून जातोय. किती ठेवू?"

धाकटी खिडकीशी उभी होती. क्रेनचा बाहू शेजारच्या गच्चीवर येऊन थांबला होता. ती म्हणाली, "वाढव."

"एवढा पुरे?"

फोनमधून तिला तिचाच आवाज ऐकू आला, बारीक, दूरचा.

"नाही. अजून वाढव," ती म्हणाली. "पार दारापर्यंत जाऊ दे."